अखेरच्या प्रहरातील परिचारिका

'आता आमच्या हाती काही राहिले नाही. घरी न्या, जमेल तशी सेवा करा.' हे वाक्य कधीच कानी पडले नाही, असे घर आपल्याकडे विरळाच. डॉक्टर ते उच्चारतात आणि पुढच्या खाटेकडे वळतात. नातेवाईक व्हरांड्यात जाऊन गावाकडे फोन लावू लागतात. खाटेजवळ उरते ती परिचारिका. तिच्या लेखी मात्र त्या वाक्याने काहीच संपलेले नसते. दर चार तासांनी द्यावयाची वेदनाशामक गोळी, कोरडे पडलेले ओठ, माकडहाडावर लालसर दिसू लागलेली त्वचा, चार दिवसांपासून न झालेले शौच आणि सारा वॉर्ड झोपल्यावर हलक्या आवाजात विचारला जाणारा प्रश्न, 'सिस्टर, मी यातून उठेन ना?' हे सारे तिच्यासमोर असते. यांपैकी प्रत्येक ठिकाणी नीतीचा प्रश्न आहे. मृत्यूच्या संदर्भात नीतीचा विषय निघाला की आपल्याकडील चर्चा थेट दयामरणावर जाते. ती चर्चा महत्त्वाची खरी. परंतु बहुसंख्य मरणासन्न रुग्णांच्या बाबतीत तो प्रश्न उद्भवतच नाही. त्यांचे अखेरचे दिवस सुसह्य झाले की असह्य, हे ठरते ते गोळी वेळेवर मिळाली का आणि विचारलेल्या प्रश्नाला कोणी सरळ उत्तर दिले का, यावरून.

इंग्रजीत जिला 'पॅलिएटिव्ह केअर' म्हणतात, तिला मराठीत उपशामक शुश्रूषा म्हणता येईल. रोग मुळापासून बरा होणे शक्य नसेल तेव्हा त्या रोगाने होणारी वेदना, धाप, मळमळ, निद्रानाश, भीती आणि घरच्यांची होरपळ कमी करणे, हा तिचा हेतू. ती केवळ कर्करोगासाठी नाही. निकामी होत चाललेले हृदय वा मूत्रपिंड, फुप्फुसांचा जुनाट विकार, पक्षाघात, स्मृतिभ्रंश अशा अनेक आजारांत तिची गरज असते. ती अखेरच्या आठवड्यापुरतीही नाही. मूळ रोगावरील उपचार चालू असतानाच ती सुरू व्हावी, असे आता मानले जाते. आपल्याकडे मात्र 'सगळे उपाय थकल्यावर' रुग्ण तिच्याकडे पोहोचतो आणि मग हाती उरतात ते मोजके दिवस.

या शाखेच्या जन्मकथेतच परिचारिकेच्या स्थितीविषयीचे एक कटू सत्य आहे. आधुनिक हॉस्पिस चळवळीच्या प्रवर्तक डेम सिसिली साँडर्स (१९१८-२००५) या मुळात परिचारिका. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांनी नर्सिंगचे शिक्षण घेतले. पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सोडून त्या रुग्णालयातच समाजसेविका झाल्या. मरणाच्या दारातील रुग्णांच्या वेदनेसाठी काही करावे, ही तळमळ त्यांनी बोलून दाखवली तेव्हा शल्यचिकित्सक नॉर्मन बॅरेट यांनी त्यांना वैद्यकशास्त्र शिकण्याचा सल्ला दिला. परिचारिकेचे म्हणणे कोणी ऐकणार नाही, हे त्यामागील व्यवहारज्ञान. साँडर्स १९५७ मध्ये डॉक्टर झाल्या आणि १९६७ मध्ये त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. वेदना ही केवळ शरीराची नसते, तिला मनाची, नात्यांची आणि श्रद्धेची अंगे असतात, हा त्यांचा 'समग्र वेदने'चा विचार आज जगभर शिकवला जातो. तो सुचला होता खाटेशेजारी बसून ऐकता ऐकता. परंतु तो ऐकला जावा म्हणून आधी डॉक्टर व्हावे लागले. रुग्णाच्या सर्वांत जवळ असणाऱ्या व्यक्तीला निर्णयात सर्वांत कमी स्थान असणे, ही विसंगती तेव्हा होती आणि ती आजही संपलेली नाही. उपशामक शुश्रूषेतील नीतीचे बहुतेक पेच या एका विसंगतीतून निर्माण होतात.

भारतात या कार्याचा आरंभ मुंबईतच झाला. वांद्रे येथील 'शांती अवेदना' ही देशातील पहिली हॉस्पिस संस्था १९८६ मध्ये सुरू झाली. १९९३ मध्ये केरळात कोझिकोडला वेदनाशमनाचे काम उभे राहिले, ते पुढे घराघरांत पोहोचले. पुण्यात वारज्याला सिप्लाचे केंद्र १९९७ पासून आहे. केंद्र सरकारचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१२ चा. संस्था आहेत, कार्यक्रम आहेत; पण तालुक्याच्या गावी कर्करोगाने कण्हणाऱ्या माणसाला आज रात्री मॉर्फिन मिळेल का, या प्रश्नाचे उत्तर अजून बहुधा नकारार्थीच आहे.

वैद्यकीय नीतिशास्त्राच्या वर्गात चार तत्त्वे शिकवली जातात. बोशँप आणि चिल्ड्रेस या अमेरिकी अभ्यासकांनी १९७९ मध्ये ती मांडली: रुग्णाच्या इच्छेचा आदर, त्याचे हित साधणे, त्याला अपाय न करणे आणि सर्वांना न्याय. परीक्षेत ही चार नावे लिहिली की गुण मिळतात. वॉर्डात मात्र ती एकमेकांच्या अंगावर येतात, हे शिकायला पहिली रात्रपाळी पुरते. परिचारिकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेची नीतिसंहिता याहून जुनी, १९५३ ची. आरोग्याचे संवर्धन, रोगाला प्रतिबंध, आरोग्याची पुनःस्थापना आणि दुःखाचे निवारण ही परिचारिकेची चार कर्तव्ये म्हणून ओळखली जातात. संहितेच्या २०२१ च्या आवृत्तीत चौथ्या कर्तव्याला एक जोड मिळाली, ती सन्मानपूर्वक मृत्यूची. बरे करण्याच्या उद्योगात मरणाचाही समावेश होतो, हे इतक्या उघडपणे मान्य व्हायला इतकी वर्षे जावी लागली.

वेदनेपासून सुरुवात करू, कारण वेदना असह्य असताना माणसाला इच्छा, श्रद्धा, निरोप यांपैकी काहीच सुचत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये कर्करोगाच्या वेदनेसाठी औषधांची पायऱ्यापायऱ्यांची पद्धत प्रसिद्ध केली. शक्यतो तोंडाने, ठरल्या वेळी आणि वेदनेच्या तीव्रतेनुसार औषध, हे तिचे सूत्र. यातील 'ठरल्या वेळी' हा शब्द पूर्णतः परिचारिकेच्या हातातला. साध्या मॉर्फिनच्या गोळीचा प्रभाव सुमारे चार तास टिकतो. पुढची गोळी वेदना पुन्हा उसळण्याआधी पोटात जायला हवी. 'दुखले की सांगा, मग देऊ' असे म्हणणे म्हणजे रुग्णाला प्रत्येक वेळी वेदनेची भीक मागायला लावणे होय. मॉर्फिनने बद्धकोष्ठ होतेच, म्हणून सारक औषध पहिल्या दिवसापासून सोबत हवे. ते विसरले गेले तर आठवड्याने रुग्ण गोळी नको म्हणू लागतो आणि आपण समजतो की वेदना कमी झाली.

वेदना किती आहे, हे ठरवणार कोण? शास्त्र सांगते, रुग्ण सांगेल ती वेदना खरी. शून्य ते दहा या मोजपट्टीवर आकडा विचारण्याची पद्धत आहे. पण आकड्यांची सवय नसलेल्या आजीला 'रुपयातले किती आणे दुखतंय?' असे विचारले तर ती चटकन 'बारा आणे' म्हणेल. बोलता न येणाऱ्याच्या कपाळावरची आठी, कुशीवर वळवताना आखडणारे हात, खालचा ओठ दाताखाली धरणे, हे वाचावे लागते. डॉक्टरांच्या फेरीच्या पाच मिनिटांत आजोबा 'बरं आहे, साहेब' म्हणतात. रात्री अडीच वाजता ते भिंतीकडे तोंड करून कण्हतात, ते फक्त रात्रपाळीच्या सिस्टरला ठाऊक असते. ते केस पेपरवर वेळेसह लिहिणे आणि सकाळी डॉक्टरांना आवर्जून सांगणे, हे तिचे नैतिक कर्तव्य आहे. तिने लिहिले नाही तर वैद्यकीय दृष्ट्या ती वेदना घडलीच नाही.

मॉर्फिनविषयी दोन भये आहेत. पहिले व्यसनाचे. कर्करोगाच्या तीव्र वेदनेसाठी देखरेखीखाली, योग्य मात्रेत मॉर्फिन घेणाऱ्यांत व्यसन जडणे दुर्मीळ असते. तरी 'सवय लागेल' म्हणून अर्धीच गोळी देणारे नातेवाईक, आणि क्वचित परिचारिकाही, आढळतात. ज्याच्यापुढे तीन आठवडे उरले आहेत त्याला कोणती सवय लागणार, हा साधा प्रश्न कोणी विचारत नाही. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने परवान्यांचे असे जाळे विणले की अनेक रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच बंद केले. २०१४ मध्ये संसदेने दुरुस्ती करून वैद्यकीय वापराची वाट सोपी केली. मनातील कुलपे मात्र कायद्याने उघडत नाहीत.

दुसरे भय अधिक खोल आहे आणि ते परिचारिकेचे एकटीचे आहे. अखेरच्या रात्री रुग्ण तळमळतो आहे, डॉक्टरांनी 'गरज पडल्यास द्यावे' असे लिहून ठेवलेले इंजेक्शन ती देते आणि तासाभराने श्वास थांबतो. 'माझ्या सुईने तर गेले नाहीत ना?' हा प्रश्न कित्येक जणी वर्षानुवर्षे मनात वागवतात. नीतिशास्त्रात यावर जुने विवेचन आहे. त्याची मुळे तेराव्या शतकातील धर्मशास्त्रज्ञ थॉमस अ‍ॅक्वायनसपर्यंत नेली जातात. एखाद्या कृतीचे दोन परिणाम संभवत असतील, हेतू चांगल्या परिणामाचा असेल, वाईट परिणाम हे चांगल्याचे साधन नसेल आणि कृती प्रसंगाच्या प्रमाणात असेल, तर ती समर्थनीय ठरते. व्यवहारात याचा अर्थ असा की मात्रा वेदनेच्या मापाने दिली का, आधीच्या मात्रेचा परिणाम पाहिला का, तंद्री किती आहे आणि श्वास मिनिटाला किती आहेत हे मोजले का, याची उत्तरे नोंदीत असावीत. अशा रीतीने दिलेले मॉर्फिन मृत्यू ओढवून आणत नाही, असेच आजचे वैद्यकीय मत आहे. तो माणूस आजाराने गेला. इंजेक्शनमुळे जाताना त्याला वेदना झाल्या नाहीत. मृत्यू घडवण्याच्या हेतूने दिलेले औषध ही सर्वस्वी वेगळी गोष्ट असून भारतात तो गुन्हा आहे. या दोहोंतील सीमारेषा हेतू आणि मात्रा यांनी आखलेली आहे, आणि म्हणून नोंदवहीला इतके महत्त्व. प्रशिक्षणात हा भाग एका तासात उरकला जातो, हे दुर्दैव.

वेदनेनंतरचा सर्वांत अवघड प्रश्न सत्याचा. पाश्चात्त्य पुस्तकांत रुग्ण हा स्वतःचा निर्णय स्वतः घेणारा एकटा माणूस असतो. आपल्याकडे तो बाबा असतो, आई असते, थोरला दीर असतो. 'त्यांना काही सांगू नका, हाय खातील,' असे मुलगा दारातच बजावतो. हे तो स्वार्थाने करत नाही, मायेने करतो. त्याच वेळी आतल्या खाटेवरचे बाबा परिचारिकेला सांगतात, 'मला कळलंय सारं. पण पोरांना बोलू नका, खचतील.' दोन्ही बाजू एकमेकांना जपत असतात आणि मधल्या भिंतीला हिचे दोन्ही हात टेकलेले असतात.

तिने काय करावे? निदान जाहीर करण्याचे काम तिचे नाही. डॉक्टरांना डावलून ते करणे चूक. परंतु 'काही नाही झालेलं, पुढच्या आठवड्यात घरी जाल' असे सांगण्याचा अधिकारही तिला नाही. रुग्ण तिच्यावर ज्या विश्वासाने स्वतःचे उघडे शरीर सोपवतो, त्या विश्वासाचा तो भंग होय. अनुभवी परिचारिका अशा वेळी प्रश्नाला प्रश्नाने वाट करून देतात. 'आजोबा, तुम्हाला काय वाटतंय?' किंवा 'आज हे का विचारावंसं वाटलं?' एवढे म्हणून त्या स्टूल ओढून बसतात. बसणे महत्त्वाचे, उभ्या माणसाला कोणी मनातले सांगत नाही. आजोबांना खरोखर जाणून घ्यायचे आहे की फक्त धीर हवा आहे, हे मिनिटाभरात समजते. काहींना जाणून घ्यायचे नसते, आणि न जाणण्याचाही त्यांना अधिकार आहे. ज्यांना हवे असते त्यांची इच्छा डॉक्टरांपर्यंत पोहोचवायची. मुलालाही सांगायचे, 'मी आपणहून काही बोलणार नाही. पण त्यांनी मला सरळ विचारलं, तर खोटं सांगणार नाही. तुम्ही त्यांच्याजवळ बसून एकदा बोलून घ्या.' या वाक्यावर कधी नातेवाईक संतापतात, तक्रार करतात. बऱ्याचदा मात्र तेच वाक्य भिंतीला पहिले दार पाडते. सत्य दडवण्याची किंमत शेवटी कोणाला मोजावी लागते? शेताची वाटणी, बँकेचे खाते, न बोललेल्या भावाची भेट, हे सारे राहून गेलेल्या माणसाला.

मग येतो अन्नपाण्याचा प्रश्न. आपल्याकडे माणूस उपाशी जाणे हे कुटुंबाला लागलेले लांछन वाटते. त्यामुळे गिळता न येणाऱ्याच्या तोंडात पेज घालण्याचा आटापिटा होतो, ती श्वासनलिकेत जाते आणि ठसका लागून रुग्ण काळानिळा होतो. 'निदान सलाईन तरी लावा' हा आग्रह तर ठरलेलाच. मृत्यू जवळ आला की भूक-तहान स्वाभाविकपणे मंदावते. शरीराला जे पाणी वापरता येत नाही ते पायांवर सूज आणि घशात घरघर म्हणून साचते. तोंड कोरडे पडल्याचा त्रास सलाईनने जात नाही. तो ओल्या कापसाने तोंड पुसल्याने, ओठांना साजूक तूप किंवा व्हॅसलिन लावल्याने जातो. हे काम परिचारिकेने मुलीला किंवा सुनेला शिकवावे, कारण त्यात दुहेरी लाभ आहे. रुग्णाला आराम मिळतो आणि 'आम्ही काहीच करू शकलो नाही' या टोचणीतून घरचे सुटतात. गंगाजल आणि तुळशीपत्राबाबत काही रुग्णालयांत उगाच कठोरपणा दिसतो. उशाला मान किंचित वळवून दोन थेंब ओठांवर सोडले, तर त्यात वैद्यकीय आपत्ती कोणतीही नाही. दुसऱ्या खाटेवर जमजमचे पाणी असेल, तिसऱ्यावर पाद्रीबाबांचे तेल. परिचारिकेच्या स्वतःच्या श्रद्धेचा येथे संबंध येत नाही.

जाणत्या माणसाने स्वतःहून अन्न नाकारणे ही याहून निराळी गोष्ट. पवनारच्या आश्रमात विनोबांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये अन्न आणि औषध घेणे थांबवले आणि १५ नोव्हेंबरला देह ठेवला. अशा निर्णयापुढे शुश्रूषा करणाऱ्याने आग्रह कुठवर धरावा, याचे उत्तर कोणत्याही संहितेत सापडत नाही. एवढे मात्र निश्चित की नकार अन्नाला असतो. कूस बदलण्याला, तोंड पुसण्याला, सोबतीला नसतो.

शरीराच्या शुश्रूषेतही नियमाने बुद्धीची जागा घेऊ नये. दर दोन तासांनी कूस बदलावी, नाहीतर शय्याव्रण होतात, हे पहिल्या वर्षात शिकवतात, ते योग्यच. पण ज्याच्यापुढे काही तास उरले आहेत आणि वळवताच जो किंचाळतो, त्याच्यासाठी घड्याळापेक्षा त्याचा चेहरा पाहावा. चिघळलेल्या गाठीचे ड्रेसिंग करायचे असेल तर अर्धा तास आधी वेदनाशामक द्यावे. ड्रेसिंग सुरू करून मग 'थोडं सहन करा' म्हणणे टाळता येण्याजोगे क्रौर्य आहे. अशा जखमेच्या दुर्गंधीने नातवंडे खोलीत येईनाशी होतात. मेट्रोनिडॅझॉलच्या गोळ्यांची पूड जखमेवर घातली तर तो वास पुष्कळ कमी होतो, हा काही रुपयांचा उपाय आहे आणि त्याने आजोबांना नातू परत मिळतो. पडदा ओढून घेणे, 'सात नंबर' न म्हणता नावाने हाक मारणे, याविषयी वेगळे लिहायची गरज पडू नये, पडते.

सगळ्यांत जीवघेणा पेच अतिदक्षता विभागात. कर्करोग सर्वत्र पसरलेल्या वृद्धाला कृत्रिम श्वसनयंत्र लावलेले असते. तो नळी ओढू पाहतो, म्हणून त्याचे हात खाटेच्या कठड्याला बँडेजने बांधतात. निर्णय डॉक्टरांचा, आग्रह नातेवाइकांचा, बिल रुग्णालयाचे. पण गाठ मारणारे हात परिचारिकेचे असतात. योग्य काय ते कळते आणि ते करता येत नाही, या अवस्थेला अँड्र्यू जेमटन या अमेरिकी अभ्यासकाने १९८४ मध्ये 'नैतिक क्लेश' असे नाव दिले. ते त्याने परिचारिकांविषयीच्या पुस्तकात दिले, हा योगायोग नव्हे. काही वेळा तर हृदय थांबल्यावर नातेवाइकांच्या समाधानासाठी छाती दाबण्याचा देखावा केला जातो. त्या देखाव्यात सामील व्हायला लागणे ही मानहानी आहे, रुग्णाची आणि करणाऱ्याचीही. पुनरुज्जीवनाचा प्रयत्न कोणाच्या बाबतीत करू नये आणि तो निर्णय कसा नोंदवावा, याविषयी भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. निर्णय कागदावर असेल तर रात्री तीनला एकट्या असलेल्या परिचारिकेची या पेचातून सुटका होते. आपल्याकडे प्रचलित मार्ग मात्र वेगळाच आहे: 'स्वतःच्या जबाबदारीवर' सही घेऊन घरी पाठवणे. पैसे संपलेले असतात, आशा संपलेली असते, आणि रुग्ण रिक्षातून वा गाडीतून घरी जातो तो वेदनाशामकाच्या एकाही गोळीविना. निघताना निदान चार दिवसांची औषधे, नळीची काळजी कशी घ्यायची याची माहिती आणि एक फोन क्रमांक एवढे तरी हाती द्यावे, हा आग्रह परिचारिकेने धरलाच पाहिजे.

कायद्याचा प्रवासही एका परिचारिकेपासूनच सुरू झाला. परळच्या केईएम रुग्णालयातील अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये अमानुष हल्ला झाला आणि त्या कायमच्या बेशुद्धावस्थेत गेल्या. पुढील सुमारे ४२ वर्षे, १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत, त्या रुग्णालयातील परिचारिकांच्या पिढ्यांमागून पिढ्यांनी त्यांना भरवले, न्हाऊ घातले, त्यांच्या अंगावर शय्याव्रण होऊ दिले नाहीत. लेखिका पिंकी विराणी यांनी त्यांच्या वतीने केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी फेटाळली. त्याच निकालात काही अटींवर जीवरक्षक उपचार थांबवण्याला देशात प्रथमच मान्यता मिळाली. अरुणाताईंच्या वतीने बोलण्याचा अधिकार न्यायालयाने दिला तो रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांना. त्यांना स्वतःला काय हवे असते, हे कोणालाच कधी कळले नाही, आणि त्या निकालावर वाद घालायला जागा आहे. पण रोज उठून शुश्रूषा करणाऱ्याला रुग्णाविषयी बोलण्याचा अधिकार पोहोचतो, हे त्यात मान्य झाले.

९ मार्च २०१८ च्या निकालाने सन्मानपूर्वक मरण हा जगण्याच्या हक्काचा भाग ठरला आणि 'लिव्हिंग विल' म्हणजे आधीच करून ठेवलेल्या उपचार-इच्छापत्राला मान्यता मिळाली. त्याची प्रक्रिया इतकी किचकट होती की ते कागदावरच राहिले. २४ जानेवारी २०२३ रोजी ती सोपी करण्यात आली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी वा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर इच्छापत्र करता येते, आणि प्रसंग आल्यावर डॉक्टरांची दोन मंडळे शक्यतो ४८ तासांत मत देतात. गोव्यात २०२४ मध्ये न्या. महेश सोनक यांनी स्वतःचे असे इच्छापत्र नोंदवून चांगला पायंडा पाडला. परंतु या दोन्ही मंडळांवर जागा आहे ती डॉक्टरांनाच. ज्या न्यायालयाने २०११ मध्ये शुश्रूषा करणाऱ्यांना आप्ताचे स्थान दिले, त्याच न्यायालयाच्या चौकटीत परिचारिकेचे मत विचारण्याची तरतूद नसावी, हे खटकते. रुग्ण भानावर असताना 'सिस्टर, पुन्हा ती नळी नको हं' असे तो बहुधा तिलाच म्हणालेला असतो. कायद्यात दुरुस्ती होईल तेव्हा होवो. रुग्णालयांनी आपल्या पातळीवर तिचे लेखी म्हणणे मंडळासमोर ठेवायला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही.

हे सारे एकीकडे, आणि चाळीस-पन्नास खाटांच्या वॉर्डात रात्री एखाद-दोन परिचारिका, हे वास्तव एकीकडे. स्टूल ओढून बसायला वेळ कुठला? न्याय हे चौथे तत्त्व येथे बोचते. मरणाऱ्याजवळ बसायचे तर वाचू शकणाऱ्याचे सलाईन संपते. याचा दोष तिच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. युगांडाने २००४ पासून प्रशिक्षित परिचारिकांना मॉर्फिन लिहून देण्याचा अधिकार दिला. केरळने २००८ मध्ये स्वतंत्र धोरण आखून पंचायतींच्या मदतीने परिचारिकेला घरोघर पोहोचवले. महाराष्ट्राला यातले काही अशक्य नाही. 'आशा' सेविका आहेत, उपकेंद्रे आहेत. हवे आहे ते प्रशिक्षण, मॉर्फिनचा पुरवठा आणि परिचारिकेच्या निर्णयक्षमतेवरचा विश्वास.

मृत्यूनंतरही काम उरते. नळ्या काढणे, डोळे मिटवणे, कवळी बसवणे, अंग पुसून स्वच्छ चादर घालणे आणि घाई न करता घरच्यांना जवळ बसू देणे, हे सारे शुश्रूषेतच मोडते. पोलीस प्रकरण असेल तर नळ्यांना हात लावायचा नाही, हेही लक्षात ठेवायचे. मग तीच खाट धुऊन तासाभरात नव्या रुग्णासाठी तयार करायची. घरी मृत्यू झाला असेल तर गृहभेटीची परिचारिका काही दिवसांनी पुन्हा त्या घरी जाते. कारण व्यावहारिक असते: उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या परत घेऊन त्यांचा हिशेब केंद्रावर द्यायचा असतो. गोळ्या मोजून होतात, चहा होतो. मग त्या घरची बाई दाराकडे पाहत हळूच विचारते, 'सिस्टर, त्या रात्री यांना गोळी द्यायला मीच सांगितलं. माझं चुकलं तर नाही ना?' परिचारिका पिशवी खाली ठेवते, पुन्हा बसते आणि त्या रात्रीची नोंद उघडून दाखवते: किती वाजता कण्हत होते, किती वाजता गोळी दिली, श्वास किती होते आणि किती वाजता त्यांना झोप लागली.